डोळ्यांत अँटिबायोटिक थेंब किंवा मलम घालताना

पावसाळ्यात मुंबईत डोळ्यांची साथ आली की नाक्यावरच्या केमिस्टकडे एकच वाक्य ऐकू येतं: "डोळे आलेत, ड्रॉप्स द्या." बाटली मिळते, पैसे दिले जातात, आणि आत नक्की काय आहे हे बघायचं राहून जातं. थेंब कसा घालायचा ते पुढे आहेच, पण सुरुवात लेबलापासून करू. खरा घोळ तिथेच होतो.

लेबल वाचा

साथीत येणारे डोळे बहुतेक वेळा व्हायरसमुळे येतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपले आपण बरे होतात. व्हायरसवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. ते लागतं जिवाणूंच्या संसर्गाला. लाल डोळा आरशात बघून यातलं कुठलं ते घरी ठरवता येत नाही, म्हणून आधी डॉक्टर आणि मग बाटली. लेबलवर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नाही.

आता बारीक अक्षरातली औषधांची नावं वाचा. मॉक्सिफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही अँटिबायोटिकं. त्यांच्या जोडीला डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा लोटेप्रेडनॉल असं काही दिसलं, तर बाटलीत स्टिरॉइडही आहे. ब्रँडच्या नावामागे 'डी', 'डीएम', 'एलपी' अशी शेपटी असेल तर हमखास तपासा. स्टिरॉइडने लाली भराभर उतरते, म्हणून लोकांना ते 'गुणाचं औषध' वाटतं. पण डोळ्यात नागीण किंवा बुरशीची जखम असेल, तर तेच स्टिरॉइड ती चिघळवतं. आठवडेच्या आठवडे घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. तो बहुतेकदा दुखत नाही, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. स्टिरॉइडचे थेंब वाईट असतात असं नाही. ऑपरेशननंतर डॉक्टर तेच देतात. फक्त ते तपासणीशिवाय घालायचे नसतात.

बाटलीवर डोळ्यांसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. कानाच्या थेंबांची बाटली हुबेहूब तशीच दिसते, आणि रात्री झोपेत चष्म्याशिवाय ड्रॉवर चाचपणाऱ्या माणसाला तर सगळ्या बाटल्या सारख्याच.

बाटली उघडताना

आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांचं टोक नवीन असताना बंद असतं. भोक पाडायची सोय टोपणातच असते: आत एक बारीक, अणकुचीदार काटा. टोपणाखालची प्लास्टिकची कडी तोडून काढा, टोपण पूर्ण खाली बसेपर्यंत घट्ट आवळा, मग उलटं फिरवून उघडा. भोक तयार. हे माहीत नसल्यामुळे घरोघर सेफ्टी पिन, शिवणाची सुई, नाहीतर सरळ ब्लेड बाहेर येतं. पिनेने निर्जंतुक बाटलीत जंतू जातात आणि भोक मोठं होऊन थेंबाऐवजी धार लागते. ब्लेडने कापलेल्या टोकाची धारदार कड डोळ्याला लागू शकते, हे वेगळंच.

उघडल्याची तारीख लेबलवर पेनने लिहा. उघडल्यापासून महिनाभराने, लेबलवर त्याहून कमी मुदत दिली असेल तर तेव्हा, बाटली टाकून द्यायची. छापलेली एक्स्पायरी न उघडलेल्या बाटलीची असते.

थेंब घालताना

हात साबणाने धुवा. डोळ्यांत चिपडं असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाच्या बाजूकडून बाहेर पुसा. दरवेळी नवा कापूस. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा आणि डोळा बरा होईपर्यंत घालू नका. लेबलवर हलवायला सांगितलं असेल तर बाटली हलवून घ्या.

मान मागे टाका किंवा आडवे व्हा. एका बोटाने खालची पापणी हलकेच ओढली की आत छोटीशी पिशवी तयार होते. नजर वर ठेवा आणि त्या पिशवीत एक थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला कशालाही लागू देऊ नका. लागलं तर डोळ्यातले जंतू बाटलीत, आणि उरलेले सगळे दिवस तेच परत डोळ्यात.

थेंब एकच पुरे. डोळ्यात मुळात एका थेंबाचीही जागा नीट नसते. दुसरा सरळ गालावरून ओघळतो. नंतर डोळा अलगद मिटा. घट्ट मिटलात किंवा उघडझाप केलीत तर औषध बाहेर येतं. नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा. तिथल्या नळीतून औषध नाकात आणि घशात उतरतं. थेंबानंतर तोंड कडू होतं ते त्यामुळेच.

दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. लहान मूल डोळे मिटून भोकाड पसरत असेल तर जबरदस्ती नको. त्याला उताणं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब ठेवा. डोळा उघडला की औषध आत जातं.

मलम

मलम नेहमी थेंबांनंतर, पाच-दहा मिनिटांनी. पापणीच्या त्याच पिशवीत तांदळाच्या दोन दाण्यांएवढी रेघ पिळा आणि डोळा मिटून बुबुळ आत फिरवा. पुढे काही वेळ सगळं धूसर दिसतं, म्हणून मलम झोपताना लावलेलं बरं. लावून लगेच स्कूटर काढू नका, लोकलच्या जिन्यावर तर धावूच नका.

पुढचे दिवस

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा, लाली आधी गेली तरीही. एका घरात एक बाटली सगळ्यांना, हे चालणार नाही; टॉवेल आणि उशीचा अभ्राही वेगळा. डोळ्यांत काजळ, मध, गुलाबपाणी, बाळाच्या डोळ्यांत आईचं दूध, काहीही घालू नका. क्लोरॅम्फेनिकॉलचे काही थेंब फ्रीजमध्ये ठेवायचे असतात, ते लेबलवर बघा. बाकीचे सावलीत, कोरड्या जागी. मुंबईचं बाथरूम कोरडी जागा नव्हे.

घातल्यावर क्षणभर चुरचुरणं साहजिक आहे. पण पापण्या सुजून खाज वाढत गेली तर औषध सोसत नसावं. थांबवा आणि विचारा. दोन-तीन दिवसांत फरक नसेल तरीही परत दाखवा.

नजर अंधुक होणं, ठणका, उजेड सहन न होणं, बुबुळावर पांढरा ठिपका, डोळ्याला मार, लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा आणि नवजात बाळाच्या डोळ्यांतला पू, यांपैकी काहीही असेल तर केमिस्टकडे न जाता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत, आणि रात्री-अपरात्री अपघात विभाग उघडा असतो. जाताना वापरात असलेली बाटली बरोबर न्या; "पांढऱ्या टोपणाची होती" यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.