सर्व्हर की तबकडी : निकाल देण्यापूर्वी या चुका टाळा

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत ओळखीपाळखीतून ज्या ज्या घरी मी टर्नटेबल (तबकडी फिरवणारे यंत्र) किंवा म्युझिक सर्व्हर (संगीताच्या डिजिटल फाइल साठवून वाजवणारे यंत्र) जुळवून देण्यासाठी गेलो, तेथे बहुतेक ठिकाणी यजमानांचा निकाल मी पोहोचण्यापूर्वीच लागलेला होता. ‘डिजिटल कोरडे वाटते’ हा एक निकाल आणि ‘त्या खरखरीत कसले आले संगीत’ हा दुसरा. या निकालांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती खटला चालवण्याच्या पद्धतीविषयी. हरलेल्या बाजूचे यंत्र तपासायला बसावे, तर सुईचा भार चुकलेला असतो, तबकडी भलत्याच गतीने फिरत असते, नाहीतर सर्व्हरमध्ये कोणीतरी न विचारता केलेली एखादी ‘सुधारणा’ चालू असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आवाजाची पातळी न जुळवता दोन्ही ऐकणे. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांबरोबर मी एका दुकानात गेलो होतो. त्यांना कित्येक लाखांचा सर्व्हर घ्यायचा होता आणि घरची एक तबकडी त्यांनी मुद्दाम बरोबर आणली होती. विक्रेत्याने ती दोन मिनिटे वाजवली, मग रिमोटची एक कळ दाबून तीच मैफल सर्व्हरवरून लावली. स्नेही खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, “अहो, मधला पडदाच कोणी बाजूला केला!” मी खिशातून आवाज मोजण्याचे छोटे मीटर काढले आणि तोच तुकडा दोन्हींकडून पुन्हा वाजवायला सांगितला. सर्व्हर ७ डेसिबलने मोठा वाजत होता. आवाज सारखा करून ऐकल्यावर स्नेही बराच वेळ गप्प बसले, एकदा त्यांना तबकडी आवडली, एकदा सर्व्हर, आणि शेवटी ‘विचार करून कळवतो’ असे सांगून आम्ही निघालो. त्या दुकानात मला त्यानंतर कोणी चहा विचारलेला नाही.

विक्रेता लबाडी करत होता असे मी म्हणणार नाही, कारण हा फरक यंत्रांच्या रचनेतच असतो. सर्व्हरला जोडलेल्या डॅकमधून, म्हणजे डिजिटल आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या यंत्रातून, पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्ट बाहेर पडतात. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या डबीतून, निघतात ५ मिलिव्होल्टच्या आसपास. फोनो स्टेजने, म्हणजे तबकडीचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या मंडलाने, ते ४० डेसिबलने वाढवले तरी अर्ध्या व्होल्टपर्यंतच पोहोचतात. म्हणजे ढोबळ हिशेबाने १२ डेसिबलचा फरक आधीच पडलेला असतो. कान मोठ्या आवाजाला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘स्पष्ट’ म्हणतो, आणि फरक एखाद्या डेसिबलचा असला तरी फसतो. म्हणून मी त्याच रचनेचा तोच अर्धा मिनिट दोन्हींकडून मोजतो, फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणतो आणि व्हॉल्यूमच्या खुंटीच्या दोन्ही जागा पेन्सिलने कागदावर लिहून ठेवतो. स्ट्रीमिंगच्या ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज समान ठेवणारी सोय असते, ती या वेळी बंद करावी. नाहीतर तुम्ही इकडे जुळवलेले तिकडे ॲप बिघडवत राहते.

पातळी जुळली तरी आपण एकाच गोष्टीची दोन रूपे ऐकतो आहोत, याची खात्री अजून झालेली नसते. जुन्या लाँगप्ले तबकडीवरील ख्याल स्ट्रीमिंगवर सापडला, तरी ती डिजिटल प्रत कोणत्या टेपवरून किंवा तबकडीवरून, कोणत्या यंत्रावर आणि कोणी उतरवली, हे सहसा कोठेही लिहिलेले नसते. त्यासाठी माझी एक साधी चाचणी आहे. पहिल्या सुरापासून शेवटच्या समेपर्यंतचा वेळ दोन्हीकडे मोजावा. तबकडीवर २२ मिनिटे १० सेकंद आणि स्ट्रीमिंगवर २१ मिनिटे ३० सेकंद भरले, आणि मध्ये काही कापलेले नसेल, तर दोहोंपैकी एक प्रत सुमारे ३ टक्के चुकीच्या गतीने वाजते आहे. तीन टक्के म्हणजे हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या जवळजवळ निम्मे, आणि तेवढ्याने गळ्याचा पोत बदलतो. अशा वेळी ‘स्ट्रीमिंगवर आवाज चिरका वाटतो’ असे म्हणणारा माणूस खरे तेच सांगत असतो. फक्त दोष डिजिटलच्या माथी मारतो.

गतीचाच विषय निघाला आहे, तर परदेशातून आणलेल्या टर्नटेबलविषयी सांगतो. अमेरिकेतील नातेवाईक मोठ्या प्रेमाने तेथले जुने टर्नटेबल आणतात, येथे ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला जातो आणि सगळे बिनघोर होतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची वारंवारता बदलत नाही. तेथे ती ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०. ज्या यंत्रातील सिंक्रोनस मोटर थेट विजेच्या वारंवारतेवर चालते, ते ३३⅓ ऐवजी मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे घेते. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिका मग पांढरी चारच्याही किंचित खाली उतरतात, आणि ‘ॲनालॉगचा आवाज कसा भरदार आणि शांत असतो’ असे कौतुक करणारी मंडळी मी स्वतः पाहिली आहेत. अशा यंत्रासाठी ५० हर्ट्झची पुली (मोटरवरची चकती) मिळवावी लागते किंवा वारंवारता बदलून देणारा वीजपुरवठा घ्यावा लागतो. डायरेक्ट ड्राइव्ह आणि डीसी मोटरच्या यंत्रांना सहसा ही अडचण येत नाही.

आता ज्या चुकीमुळे मी हे सगळे लिहायला बसलो, तिच्याकडे वळतो. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांकडे वडिलांकडून आलेल्या सुमारे दोनशे तबकड्या होत्या, त्यांतील बहुतेक ख्याल आणि ठुमरीच्या. त्यांनी उत्तम सर्व्हर घेतला आणि एका हिवाळ्यात चिकाटीने सगळ्या तबकड्या संगणकावर उतरवल्या. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठी तान घेतली तरी पातळी कमाल मर्यादेच्या ६ डेसिबल खाली : सगळे अगदी नियमाप्रमाणे. मग त्यांनी खरखर काढायला घेतली. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी ‘फक्त खरखर’ असलेला एक तुकडा ऐकवावा लागतो. त्यावरून ते नको असलेल्या आवाजाचा नमुना ठरवते आणि तो संपूर्ण ध्वनिमुद्रणातून वजा करते. त्यांनी सुई टेकल्यानंतरचे आणि गायक सूर लावण्यापूर्वीचे चार-पाच सेकंद निवडले. चित्रपटगीताच्या तबकडीवर तेथे शांतताच असते. ख्यालाच्या तबकडीवर मात्र तेवढ्यात तंबोरा सुरू झालेला असतो.

सॉफ्टवेअरने तंबोऱ्याला खरखर मानले. शिवाय वेळ वाचवण्यासाठी या गृहस्थांनी तोच एक नमुना लावून दोनशेच्या दोनशे तबकड्या रात्रभरात एकदम ‘स्वच्छ’ करून घेतल्या. त्यांचा फोन आला : “डिजिटल म्हणजे काय चीज आहे ते ऐकायला या, मागे चिटपाखरूही नाही.” मी गेलो. गायिकेचा आवाज अधांतरी लटकलेला होता. ती सूर लावायची तेव्हा त्या सुराबरोबर तंबोरा कोठून तरी बुडबुडत वर यायचा, ती थांबली की तोही गडप व्हायचा. जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांच्या झणझणत्या गुंजनाचा, तर मागमूस नव्हता. दुसऱ्या पट्टीत गायलेल्या तबकड्यांमध्ये तंबोरा थोडाफार वाचला होता, पण गळ्याच्या गाजेत जागोजागी भोके पडली होती. मी विचारले, मूळ फाइल कोठे आहेत? जागा वाचावी म्हणून त्या पुसून टाकल्या होत्या. तबकड्या? पंधरा दिवसांपूर्वी जुन्या रेकॉर्डी घेणाऱ्याला देऊन टाकल्या होत्या. त्यांतील साठ-पासष्ट त्यांनी नंतर परत मिळवल्या, तिप्पट पैसे मोजून.

जागेचा हिशेब तरी करायचा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणाला तासाला साधारण २ जीबी लागतात. पाऊण तासाच्या दोनशे तबकड्या ३०० जीबीच्या आसपास बसतात आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातले काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात, साठवल्या तर त्याहूनही कमी. लाखांचा सर्व्हर घेणाऱ्याने एवढ्यासाठी कंजूषपणा करावा, हे मला आजही उमगलेले नाही. मी स्वतः मूळ ध्वनिमुद्रणाला कधीही हात लावत नाही, जे काही करायचे ते प्रतीवर करतो. मोठे टिचके एकेक करून हाताने काढतो. खरखरीचा नमुना घ्यायचाच झाला, तर बाजू संपल्यानंतर सुई ज्या मोकळ्या खाचेतून लेबलकडे सरकते, तेथून घेतो, आणि तरीही बरीचशी खरखर राहू देतो. पाऊण तासाची तबकडी उतरवायला पाऊण तास लागतो, त्याला आडवाट नाही. ‘एका सुट्टीत उरकून टाकू’ म्हणणाऱ्यांनी हे काम सुरूच करू नये.

दुसऱ्या टोकाला ‘शुद्ध ॲनालॉग’चे भाविक आहेत. २०२२ साली अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या तबकड्यांविषयी असे उघडकीस आले, की मूळ टेप आणि तबकडी यांच्या मध्ये डीएसडी या डिजिटल स्वरूपाची एक पायरी होती. अनेक जाणकार वर्षानुवर्षे याच तबकड्यांना ॲनालॉगचा कळस म्हणून नावाजत होते. त्या वाईट वाजत होत्या असा याचा अर्थ नाही, वाजत त्या उत्तमच होत्या. पण डिजिटलची पायरी कानाला आपोआप टोचते, हे म्हणणे त्यानंतर जरा जपून करावे. ४४.१ किलोहर्ट्झचा, म्हणजे सीडीच्या दर्जाचा, ध्वनी पायऱ्यापायऱ्यांचा ऐकू येतो, ही समजूतही सोडून द्यावी. डॅकमधून बाहेर पडणारी लहर सलगच असते.

सर्व्हर घेणाऱ्यांची ठरलेली चूक मात्र वेगळी आहे : ते यंत्रावर खर्च करतात आणि सूचीवर करत नाहीत. बहुतेक सॉफ्टवेअर गाणे, गायक आणि अल्बम या तीन खणांभोवती रचलेले असते. त्यात रागाला जागा नसते आणि तबलजी कधी मुख्य कलाकार ठरतो. इंटरनेटवरून माहिती आपोआप ओढू दिली, तर भीमसेन जोशी चार निरनिराळ्या स्पेलिंगांनी चार माणसे होऊन बसतात आणि एका रात्री पुरिया ऐकावासा वाटला, तर तो कोणत्या खणात आहे हे कळत नाही. तबकड्यांच्या कपाटात हात नेमका जातो, सर्व्हरवर बोट भटकत राहते. मग माणूस म्हणतो की डिजिटलमध्ये जिव्हाळा नाही. फ्लॅक फाइलमध्ये स्वतःचे रकाने (टॅग) घालता येतात. मी राग, ताल, साथ आणि ध्वनिमुद्रणाचे साल एवढे भरतो, आणि प्रत्येक नावाचे एकच लेखन आधी वहीत ठरवून घेतो. पंडित आणि उस्ताद या उपाध्या मी मनात ठेवतो, टॅगमध्ये नाही. नाहीतर निम्मी सूची ‘प’ खाली जमा होते.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे. सुईचा भार कमी ठेवल्याने तबकडी वाचत नाही, १.८ ग्रॅम सांगितलेले कार्ट्रिज १.२ वर चालवले, तर सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते, म्हणून छोटा डिजिटल काटा घ्यावा. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर लाँगप्लेची बारीक सुई लावू नये, ती रुंद खाचेच्या तळाशी लोळते. टर्नटेबलमध्येच फोनो स्टेज असेल, तर ॲम्प्लिफायरच्या फोनो जोडणीत ते घालू नये. दोनदा वाढवलेला तो आवाज ऐकून कोणीही डिजिटलच्या पक्षात जाईल. फोनवरून ब्लूटूथने ऐकून ‘हाय-रेझ’विषयी, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या डिजिटल ध्वनीविषयी, मते देऊ नयेत. विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील, तर शफल आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक विरत असताना दुसरा सुरू करणारी सोय) बंद करून मध्ये खंड न पडू देणारी सोय चालू करावी. आणि सर्व्हर बदलून खोलीचा घुमारा कमी होत नाही. त्यासाठी जाड सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले कपाट अधिक उपयोगी पडते.

राहिला प्रश्न प्रतींचा. नॅसमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कवरील साठवणपेटीत, दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात म्हणून निश्चिंत होणारे पुष्कळ आहेत. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. फ्लॅक फाइलच्या आतच मूळ ध्वनीची एमडी५ खूण (ध्वनीच्या आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा संकेतांक) साठवलेली असते, तिच्या आधारे मी वर्षातून एकदा सगळा संग्रह तपासून घेतो. दुसरी प्रत कपाटातील सुट्या डिस्कवर आहे आणि तिसरी बहिणीच्या घरी, भाऊबीजेला जाताना ती अद्ययावत करून नेतो.