गेम झोनमध्ये गिऱ्हाईक पुन्हा यावे यासाठी
ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत किंवा नवी मुंबईत वाशी-सीवूड्सच्या वस्तीत गेम झोन चालवायचा असेल, तर यंत्रांच्या संख्येपेक्षा त्यांच्या देखभालीकडे आधी लक्ष द्यावे. जॉयस्टिक एका बाजूला ओढत असेल, बटण अडकत असेल किंवा एअर हॉकीच्या टेबलाची छिद्रे धुळीने बुजून चकती रखडत असेल, तर कार्डातून पैसे कापले गेल्यावर झालेला मुलांचा हिरमोड पालक विसरत नाहीत. म्हणून रोज सकाळी प्रत्येक यंत्रावर एक डाव स्वतः खेळून पाहावा, बिघडलेल्यावर ‘बंद आहे’ अशी पाटी लावावी आणि वाया गेलेले पैसे हुज्जत न घालता परत करावेत. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेने विजेच्या जोडण्या गंजतात, तेव्हा ही तपासणी अधिक बारकाईने करावी. आवाज इतकाच ठेवावा की आजोबांना नातवाशी ओरडून बोलावे लागू नये. त्यांच्यासाठी चार खुर्च्या हव्यातच. १९८० साली आलेल्या पॅक-मॅनसारखा एखादा जुना खेळही अवश्य ठेवावा, कारण त्याचे नियम कोणाला समजावावे लागत नाहीत (आणि मुलांपेक्षा वडीलच तिथे अधिक रेंगाळतात). बाहेर पडण्याच्या वाटेवर मात्र, जागा कितीही अपुरी असली तरी, एकही यंत्र मांडू नये.