राउटरवर सगळं ‘अप’, तरी गेटवे लागत नाही: सबइंटरफेस शिकताना

खानापूर, चिकोडी, निपाणीकडून बेळगावात क्लासला येऊन नेटवर्किंग शिकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. व्हीलॅन म्हणजे काय, सबनेट कसं पाडायचं, स्विचचा पोर्ट व्हीलॅनमध्ये कसा टाकायचा, एवढं येतं असं धरून चालतो. येत नसेल तर आधी ते पक्कं करा. त्याशिवाय पुढचं नुसतं पाठ होईल आणि पाठ केलेलं पहिल्या बिघाडातच उडून जाईल.

उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपचं उदाहरण घ्या. अकाउंट्स व्हीलॅन १०, शॉप फ्लोअर २०, कॅमेरे ३०. राउटर एक, त्याच्यापासून स्विचपर्यंत केबलही एकच. त्या केबलवरून तिन्ही व्हीलॅनच्या फ्रेम जातात आणि कोणती फ्रेम कुणाची, हे ८०२.१क्यूचा चार बाइटचा टॅग सांगतो. राउटरच्या एका पोर्टवर आपण तीन सबइंटरफेस बनवतो, प्रत्येकाला त्या व्हीलॅनचा गेटवे पत्ता देतो.

सिस्कोच्या राउटरवरचं काम थोडं आहे. मूळ पोर्ट गीगाबिट ०/० वर आयपी द्यायचा नाही, फक्त ‘नो शटडाउन’. मग ‘इंटरफेस गीगाबिट ०/०.१०’, त्यात ‘एनकॅप्सुलेशन डॉटवनक्यू १०’, त्यानंतर ‘आयपी अॅड्रेस १९२.१६८.१०.१ २५५.२५५.२५५.०’. २० आणि ३० साठी तसंच. आयपी आधी दिलात तर राउटर तो घेतच नाही, कारण कोणत्या टॅगच्या फ्रेम उचलायच्या हे त्याला अजून माहीत नसतं. आणखी एक: टिंबानंतरचा आकडा फक्त ओळखीपुरता असतो. व्हीलॅन ठरते ती एनकॅप्सुलेशनच्या ओळीत. तरीही दोन्ही आकडे सारखेच ठेवा, पुढे बिघाड शोधणाऱ्याचे हाल होणार नाहीत.

आता ज्या जागी बहुतेक जण अडकतात तिथे येऊ. इथे हुशार पोरंसुद्धा रडकुंडीला येतात, म्हणून सावकाश वाचा.

राउटरवर ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ मारलं तर तिन्ही सबइंटरफेस अप-अप दिसतात. पत्ते बरोबर, मास्क बरोबर. तरी व्हीलॅन १० मधल्या पीसीवरून १९२.१६८.१०.१ ला पिंग जात नाही. मग माणूस राउटरच खणत बसतो. सबइंटरफेस पुसतो, पुन्हा बनवतो, राउटर रीस्टार्ट करतो. दोष मात्र स्विचवर असतो.

सिस्कोच्या २९६० सारख्या स्विचचा पोर्ट मुळात ‘डायनॅमिक ऑटो’ असतो. म्हणजे समोरच्याने डीटीपीमधून (ट्रंक करायची का हे दोन पोर्ट आपसांत ठरवतात तो प्रोटोकॉल) ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅनच्या टॅग लावलेल्या फ्रेम नेणारी जोडणी, मागितली तरच तो ट्रंक होतो, आपणहून कधीच मागत नाही. आणि राउटर डीटीपी बोलतच नाही. त्यामुळे तो पोर्ट व्हीलॅन १ चा साधा अॅक्सेस पोर्ट म्हणून राहतो. पीसी गेटवेचा मॅक विचारायला एआरपी पाठवतो. ते ब्रॉडकास्ट व्हीलॅन १० मध्येच फिरतं, व्हीलॅन १ मधल्या पोर्टातून बाहेर पडत नाही, आणि राउटरला काही ऐकूच येत नाही. सबइंटरफेस ‘अप’ दिसतो तो मूळ पोर्टाची लाइन चालू आहे म्हणून. टॅग पोचतात की नाही, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

खात्री अशी करा. पीसीवर ‘एआरपी -ए’ मारा. गेटवेचा मॅक नसेल तर गडबड राउटिंगची नाही, त्याच्या खालची आहे. मग स्विचवर त्या पोर्टासाठी ‘शो इंटरफेसेस गीगाबिट ०/१ स्विचपोर्ट’ बघा. ‘ऑपरेशनल मोड’पुढे ‘स्टॅटिक अॅक्सेस’ लिहिलेलं असेल तर चोर सापडला. पोर्टावर ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ द्या, सोबत ‘स्विचपोर्ट नॉनिगोशिएट’ही द्या. ३५६० सारख्या जुन्या स्विचवर आधी ‘स्विचपोर्ट ट्रंक एनकॅप्सुलेशन डॉटवनक्यू’ द्यावं लागतं. २९६० वर ती कमांडच नाही, म्हणून एरर आली तर घाबरू नका.

नंतर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’. त्यात व्हीलॅनच्या तीन याद्या येतात: ट्रंकवर परवानगी असलेल्या, त्यातल्या प्रत्यक्ष चालू असलेल्या, आणि स्पॅनिंग ट्री (स्विचमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) ज्यांना पुढे सोडतंय त्या. पहिल्या यादीत ३० आहे पण दुसऱ्या यादीत नाही, तर स्विचवर व्हीलॅन ३० बनवायचीच राहिली आहे.

ट्रंकवर नवी व्हीलॅन वाढवताना ‘अलाउड व्हीलॅन’च्या पुढे ‘अॅड’ लिहायला कधीही विसरू नका. ‘अॅड’ नसेल तर जुनी यादी पुसली जाते आणि फक्त नवी व्हीलॅन उरते. तुम्ही स्वतः त्याच ट्रंकवरून लॉगिन केलेलं असेल तर तुमचंही सेशन तुटतं. साइट निपाणीला, तुम्ही बेळगावात. मग गाडी काढण्यावाचून उपाय नाही.

नेटिव्ह व्हीलॅन, म्हणजे ट्रंकवरून टॅगशिवाय जाणारी, एकदम थोडक्यात: स्विचवर ती ९९ केली आणि तिचंही राउटिंग हवं असेल, तर राउटरच्या त्या सबइंटरफेसवर एनकॅप्सुलेशनच्या ओळीत शेवटी ‘नेटिव्ह’ लिहा.

गेटवे लागला, पण दुसऱ्या व्हीलॅनमधला विंडोज पीसी उत्तर देत नाही? आधी त्याचा डिफॉल्ट गेटवे तपासा, मग फायरवॉल. फाइल शेअरिंग चालू असल्यामुळे त्याच सबनेटमधून पिंग चालतं, बाहेरून मात्र अडतं. तुमचं राउटिंग तोवर ठीक झालेलं असतं. पहिलंच पिंग वाया गेलं आणि पुढची तीन आली, तर तेही ठीक; तेवढा वेळ एआरपीला लागतो.

तयार कॉन्फिग चिकटवून लॅब ‘पूर्ण’ करणं मला मुळीच पटत नाही. तुमच्या हातातला कीबोर्ड ओढून घेऊन दोन मिनिटांत दुरुस्त करून देणारे सर तर त्याहून नकोत. समजावणं कन्नडमधून असो की मराठीतून, ‘एआरपी आला का? टॅग कुठे गळला?’ असं विचारून तुम्हालाच शोधायला लावणारा माणूस धरा. पुण्या-बंगळूरच्या इंटरव्ह्यूमध्ये नेमकं हेच विचारतात: गेटवे पिंग होत नाही, पहिलं काय बघशील?

सेव्ह करायला विसरू नका. लाइट गेली की एक विचित्र चित्र दिसतं: स्विचवर व्हीलॅन १०, २०, ३० जागेवर, पण सगळे पोर्ट पुन्हा १ मध्ये. व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या वेगळ्या फाइलीत राहते, पोर्टांची मांडणी मात्र रनिंग कॉन्फिगबरोबर जाते.

राउटिंग सुरू झालं की कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमधून अकाउंट्सपर्यंतची वाटही उघडते. ती वेगळी बंद करावी लागते. ३० च्या सबइंटरफेसवर आत येणाऱ्या दिशेला एसीएल (काय सोडायचं, काय अडवायचं याच्या नियमांची यादी) लावा: १९२.१६८.१०.० कडे जाणारं नाकारा, शेवटी ‘परमिट आयपी एनी एनी’. एवढं केल्यावर अकाउंट्समधून कॅमेरा बघायला गेलात तर तोही दिसणार नाही, कारण त्याचं उत्तरसुद्धा त्याच एसीएलमधून परत येतं. टीसीपीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी नाकारण्याच्या ओळीच्या आधी ‘एस्टॅब्लिश्ड’ची, म्हणजे आधीच सुरू असलेल्या कनेक्शनच्या उत्तरांची, परवानगी द्या.