व्हिडिओ सर्व्हरवरून माहिती वेगाने कशी पाठवावी

लातूरच्या एखाद्या शिकवणी वर्गाने तासिकांचे व्हिडिओ स्वतःच्या सर्व्हरवर ठेवले आणि रात्री औसा, निलंगा, उदगीर या भागांतील विद्यार्थी ते एकाच वेळी पाहू लागले, की व्हिडिओ अडखळत असल्याचे फोन येऊ लागतात. अशा वेळी नवा सर्व्हर घेण्याची घाई होते. परंतु अडथळा नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय पैसे खर्चू नयेत.

आधी हिशेब मांडावा. प्रत्येकी सेकंदाला १.५ मेगाबिट धरल्यास ५०० विद्यार्थ्यांना ७५० मेगाबिट लागतात. १ गिगाबिटच्या जोडणीत हे बसते. १०० मेगाबिटच्या जोडणीवर मात्र कोणतीही सेटिंग बदलून ते बसणार नाही.

जोडणी पुरेशी असेल, तर गर्दीच्या वेळी डिस्कचे काम मोजणारी ‘आयोस्टॅट’ ही आज्ञा चालवून डिस्क किती व्यस्त आहे ते पाहावे. शेकडो जण वेगवेगळ्या फायलींचे वेगवेगळे भाग मागतात, तेव्हा फिरत्या हार्ड डिस्कचा बराच वेळ वाचण्यापेक्षा जागा बदलण्यातच जातो. त्यावर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, हा एक उपाय आहे. पण रॅम वाढवणेही तितकेच उपयोगी ठरते, कारण लिनक्स ही सर्व्हरची कार्यप्रणाली मोकळी मेमरी आपणहून फायलींच्या कॅशसाठी, म्हणजे वाचलेल्या फायली हाताशी ठेवण्यासाठी, वापरते आणि सगळे चालू आठवड्याच्याच तासिका पाहत असतील, तर त्या बहुतेक वेळा मेमरीतूनच जातात.

त्यानंतर एन्जिनएक्स या वेब-सर्व्हर प्रोग्राममध्ये ‘सेंडफाइल’ ही सोय सुरू करावी. एरवी माहिती कर्नलमधून, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातून, प्रोग्रामच्या मेमरीत आणि तिथून परत कर्नलमध्ये नकलली जाते. सेंडफाइलमुळे हा फेरा वाचतो. एचटीटीपीएस ही सुरक्षित जोडणी असेल तर एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करणे) प्रोग्रामच्या मेमरीत होते आणि हा फायदा मिळत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. तो परत मिळवायचा, तर एन्जिनएक्स १.२१.४ किंवा पुढची आवृत्ती आणि एन्क्रिप्शनसाठीची ओपनएसएसएल ३.० ही लायब्ररी घेऊन कर्नल टीएलएस, म्हणजे कर्नलमध्येच होणारे एन्क्रिप्शन, चालू करावे लागते.

खेड्यातील मोबाइल जोडणीवर पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, वाटेत गळतात. पाठवण्याचा वेग ठरवणारी लिनक्सची नेहमीची ‘क्युबिक’ पद्धत गळती दिसताच वेग कमी करते, तर गूगलने २०१६ मध्ये आणलेली ‘बीबीआर’ उपलब्ध वेग आणि विलंब मोजून गती ठरवते. ती कर्नल ४.९ पासून मिळते. सोबत पॅकेट ठरावीक गतीने सोडणारी ‘एफक्यू’ ही रांगपद्धत ठेवावी. टीसीपी बफर (पाठवायची माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा) अवाढव्य करण्याचा सल्ला मात्र येथे निरर्थक आहे, कारण १० मेगाबिट वेग आणि १०० मिलिसेकंद विलंब यांना १२५ किलोबाइट पुरतात आणि लिनक्स गरजेनुसार बफर स्वतःच वाढवते.

माझ्या मते सर्वांत स्वस्त सुधारणा फायलींतच असते. फळा बराच काळ स्थिर असल्यामुळे तासिकेचा व्हिडिओ कमी बिटरेटमध्येही, म्हणजे सेकंदाला कमी माहिती पाठवूनही, वाचनीय राहतो. एचएलएस या व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याच्या पद्धतीसाठी दोन-तीन दर्जे तयार करावेत, तुकडे सुमारे ६ सेकंदांचे ठेवावेत आणि की-फ्रेम (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेम) सर्व दर्जांत एकाच ठिकाणी याव्यात, म्हणजे दर्जा बदलताना खंड पडत नाही. तुकडे बदलत नसल्याने त्यांना दीर्घ कॅश-मुदत द्यावी. थेट प्रक्षेपणातील तुकड्यांची यादी सतत बदलते, म्हणून तिला अगदी अल्प मुदत द्यावी. व्हिडिओवर जीझिप हे फाइल लहान करण्याचे तंत्र लावू नये, प्रोसेसर विनाकारण राबतो.

एका वेळी एकच बदल करावा, दुसऱ्या दिवशी गर्दीच्या त्याच वेळी पुन्हा मोजावे, आणि ती चाचणी सर्व्हरच्या खोलीतील वाय-फायवर न करता तालुक्याच्या गावातील मोबाइल डेटावर करावी.