एन.सी. हातात पडली, आता कोर्टात खाजगी फिर्याद कशी करायची?

बांधावरून भांडण झालं. शेजाऱ्याने थोबाडीत मारली, आईवरून शिव्या दिल्या, ‘बघून घेतो’ म्हणाला. ठाण्यात गेलात की एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, ज्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत) नोंदवून कागद हातात देतात आणि कोर्टात दाद मागा म्हणतात. लोक तो कागद घडी करून कपाटात ठेवतात आणि गप्प बसतात. मी तालुका कोर्टात फौजदारी वकिली करते, आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की गप्प बसू नका. तो कागद म्हणजे दार बंद झालं असं नव्हे.

आधी एक पाहा, गुन्हा खरंच अदखलपात्र आहे का? कोयता-कुऱ्हाडीने दुखापत झाली असेल तर तो दखलपात्र गुन्हा आहे आणि एफ.आय.आर. व्हायलाच हवा. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. तिथेही काही झालं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 175(3) खाली, पोलिसांना तपासाचा आदेश द्या, असा कोर्टात अर्ज करता येतो. जुने लोक जुन्या कलमावरून अजून याला ‘156(3)’ म्हणतात. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली प्रियांका श्रीवास्तव प्रकरणात ते बंधनकारक केलं आणि आता ते कायद्यातच आलंय. अधीक्षकांच्या अर्जाची पोच नसेल तर तुमचा अर्ज तिथेच अडकतो.

साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी असेल तर सरळ खाजगी फिर्याद, म्हणजे तुम्ही स्वतः थेट कोर्टात केलेली तक्रार. ती प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल होते. मुदत मात्र सांभाळा. गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद असेल तर एका वर्षात, एक ते तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षांत, नुसता दंड असेल तर सहा महिन्यांत कोर्टात यायला हवं. मुदत मोजताना फिर्याद दाखल झाल्याची तारीख धरतात, कोर्टाने दखल कधी घेतली, म्हणजे ती विचारात कधी घेतली, ते पाहत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 साली हे स्पष्ट केलंय. तेव्हा फाईल टेबलावर पडून राहिली तरी त्याचा फटका तुम्हाला बसत नाही.

फिर्याद दाखल झाली की व्हेरिफिकेशन, म्हणजे फिर्यादीचा शपथेवरचा जबाब. त्याच संहितेचं कलम 223. माझ्या मते निम्मी केस इथे ठरते, आणि इथेच पक्षकार सर्वात कमी तयारीने येतात. साहेब, म्हणजे न्यायदंडाधिकारी, विचारतात, ‘काय झालं?’ आणि पक्षकार आजोबांच्या वाटणीपासून सुरुवात करतो. सातबारा, मोजणी, मागच्या वर्षीचं पाणी, सगळं येतं. थोबाडीत मारली ते शेवटी एका वाक्यात. म्हणून मी आदल्या संध्याकाळी बसवून घेते आणि फक्त त्या सकाळचं विचारते. किती वाजले होते? तुम्ही कुठे उभे होता, तो कुठून आला? कुठे लागलं? दवाखान्यात कधी गेलात, केसपेपर आहे का? शिवी कोणती दिली? ती शिवी जशीच्या तशी सांगायची, लाज वाटली तरी. ‘अश्लील भाषेत बोलला’ एवढ्यावर कोर्टाला काही ठरवता येत नाही. ‘सगळ्या गावाला माहीत आहे’ याचाही उपयोग नाही. पलीकडच्या वावरात खुरपणी करणाऱ्या ज्या बाईने पाहिलं, तिचं नाव द्या. जबाब टाईप झाला की वाचून मगच सही करा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

1 जुलै 2024 पासून एक मोठा बदल झालाय. दखल घेण्याआधी समोरच्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पूर्वी या टप्प्यावर आरोपीला बोलायला जागाच नव्हती. आता तुमच्या फिर्यादीची नोटीस आधीच गावात पोचते, आणि साक्षीदारावर दबाव यायला वेळ लागत नाही. माझ्या मते ही तरतूद गरीब फिर्यादीला जड जाते. तेव्हा साक्षीदारांशी आधीच नीट बोलून ठेवा, आणि केसपेपर, फोटो, एन.सी.ची प्रत फिर्यादीसोबतच कागद यादीने हजर करा. मोबाईलमधलं रेकॉर्डिंग असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन विकू नका.

पुढे साहेबांना वाटलं तर चौकशी लावतात, स्वतः करतात किंवा पोलिसांकडून अहवाल मागवतात. कोर्टाच्या आवारात जुन्या कलमावरून याला ‘202 ला पाठवलं’ म्हणतात. नवं कलम 225. आरोपी त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर ही पायरी टाळता येत नाही. अहवाल तुमच्या विरोधात आला तरी धीर सोडू नका, तो कोर्टावर बंधनकारक नसतो.

या सगळ्यात न्यायाधीश एकच गोष्ट तपासतात: पुढे जायला पुरेसा आधार आहे का. आरोपीला शिक्षा होईल का, हा प्रश्न अजून आलेलाच नसतो. आधार नसेल तर थोडक्यात कारणं देऊन फिर्याद फेटाळतात, कलम 226. त्यावर 90 दिवसांत सत्र न्यायालयात रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, करता येतं. आधार असेल तर प्रोसेस इश्यू होते, म्हणजे आरोपीला बोलावण्याचा आदेश होतो, आणि समन्स निघतं. त्याआधी साक्षीदारांची यादी द्यावी लागते. प्रोसेस फी, म्हणजे समन्स पाठवण्याची फी, लागू असेल तर ती वेळेत भरा. फी भरली नाही म्हणूनही फिर्याद फेटाळता येते, आणि रोजनाम्यावर (कोर्टातल्या रोजच्या कामाची नोंद) तशी नोंद झाली की चांगली केस हातची जाते.

समन्सनंतर तारखा चुकवू नका. मारहाण-शिवीगाळीच्या अशा केसमध्ये फिर्यादी येतच नसेल, तर 30 दिवसांची संधी देऊन आरोपीला निर्दोष सोडतात. ऊसतोड, लग्न, आजारपण, काहीही असो, येणं जमणार नसेल तर तारखेआधी वकिलाला फोन करा आणि गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायला सांगा.