फिले द बफ आणि बेआर्नेझ: रात्री आठच्या जेवणासाठी

वसईच्या आमच्या घरात मांस शिजलं की नाही हे हाडाकडे बघून ठरायचं. हाड सुटायला लागलं की आई गॅस बंद करायची. तीच समज घेऊन मी लग्नानंतर फ्रान्समध्ये लियाँला आले आणि पहिल्याच नाताळात किलोभर फिले, म्हणजे गोमांसाचा मऊ तुकडा, तासाहून जास्त वेळ ओव्हनमध्ये ठेवला. बाहेर काढला तेव्हा तो आतपर्यंत राखाडी आणि कोरडा झाला होता. सासूबाईंनी खास शारोलहून आणलेलं मांस होतं ते. त्या शारोलच्याच, तिकडच्या कुरणांतल्या पांढऱ्या शारोले गाईगुरांमध्ये वाढलेल्या. मला रागावल्या नाहीत. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी मला चुलीजवळ उभं केलं आणि सगळं पहिल्यापासून दाखवलं. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून सणावाराला हे जेवण मीच करते.

आधी हा तुकडा काय आहे ते समजून घ्या, बाकीचं सगळं त्यातूनच येतं. फिले म्हणजे कण्याच्या खालच्या बाजूला, आतून असलेला लांबट स्नायू. जनावर चालतं, ओढतं, चरतं, त्यात याला फारसं राबावं लागत नाही. म्हणून त्यात चिवट धागे जवळजवळ नसतात. आपण मटण तासभर शिजवतो ते हे धागे विरघळावेत म्हणून. फिलेत विरघळायला काही नाही आणि सांभाळून घ्यायला चरबीही नाही, त्यामुळे जास्तीचा वेळ त्याला फक्त कोरडा करतो. मुंबईत आणि गोव्यात यालाच अंडरकट म्हणतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे, म्हणून वसईला गेले की मी हे सगळं म्हशीच्या अंडरकटवर करते. तो बारीक असतो, वेळ कमी लागतो, पद्धत तीच.

फ्रान्समध्ये खाटकाकडे गेलात तर ‘फिले मिन्याँ’ मागू नका. इथे त्या नावाने बहुतेक वेळा डुकराचा तुकडा हातात पडतो. ‘फिले द बफ’ म्हणा आणि मधला, सगळीकडे सारख्या जाडीचा भाग मागा. सहा जणांना १ किलो २०० ग्रॅम पुरतो. वरचा पांढरा, चकचकीत पापुद्रा काढून घ्या. तो कितीही भाजला तरी मऊ होत नाही. मग दर तीन बोटांवर दोऱ्याने बांधून घ्या, म्हणजे तुकडा गोल राहतो आणि सगळीकडून एकसारखा शिजतो. खाटीक भोवती डुकराच्या चरबीची पट्टी गुंडाळू का, असं विचारेल. मी नको म्हणते. पट्टीखाली मांस खरपूस होत नाही, आणि या चवीतली निम्मी गंमत त्या खरपूस कडेत आहे.

भाज्या मी आदल्या दिवशी सकाळी सोन नदीकाठच्या, के सेंत-आंत्वानच्या बाजारातून आणते: बारीक फरसबी ६०० ग्रॅम, गाजरं ८०० ग्रॅम आणि ‘रात’ जातीचे बोटाएवढे बटाटे किलोभर. सोबत एशालोत, म्हणजे लांबट, लालसर, कांद्याहून सौम्य असे छोटे कांदे. आणि एस्त्रागाँची ताजी जुडी. या पाल्याला बडीशेपेची ओळखीची झाक असते. तो नसेल तर बेआर्नेझ, म्हणजे लोणी आणि अंड्याच्या बलकाचा हा सॉस, करूच नका, दुसरा करा.

जेवण आठला असेल तर घड्याळ आठपासून उलटं मोजा. साडेसहाला मांस फ्रिजबाहेर काढा. थंडगार तुकडा ओव्हनमध्ये गेला तर कडा करपतात आणि आत कच्चं राहतं.

तोवर सॉसची पहिली पायरी उरकून घ्या. दोन एशालोत अगदी बारीक चिरा. लहान पातेल्यात ते, तीन मोठे चमचे व्हाइट वाइनचं व्हिनेगर, तितकीच पांढरी वाइन, एस्त्रागाँचे देठ आणि जाडसर कुटलेली मिरी घालून मंद आचेवर आटवा. दोन चमचे रस उरला की उतरवून गाळा आणि गार होऊ द्या. दुसरीकडे २५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी वितळवा. आपल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही, फक्त तुपाच्या अलीकडे थांबायचं असतं. फेस काढा, खालचा दुधाळ साका तिथेच राहू द्या आणि बेरी धरायच्या आत वरचं पिवळं, नितळ लोणी ओतून घ्या. बेरीचा खमंग वास इथे एस्त्रागाँला मारतो.

गाजरं चकत्या करून पसरट भांड्यात घाला, जेमतेम बुडतील इतकं पाणी, ३० ग्रॅम लोणी, मीठ, चमचाभर साखर. वर बेकिंगचा कागद गोल कापून, मध्ये भोक पाडून ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत पाणी आटतं आणि गाजरांवर काचेसारखी चकाकी येते. बटाटे सालासकट उकडून बाजूला ठेवा, शेवटी ते लोण्यात लालसर परतायचे आहेत.

सव्वासातला ओव्हन २०० अंशांवर लावलेला असू द्या. मांस कागदाने अगदी कोरडं पुसा. ओल्या तुकड्याची वाफ होते, भाजणं होत नाही. मीठ भरपूर लावा. जाड बिडाच्या तव्यात तेल चांगलं तापलं की तुकडा ठेवा आणि हात लावू नका. प्रत्येक बाजूला दोन मिनिटं, मग दोन्ही टोकं. शेवटी लोण्याचा गोळा, दोन ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि थायमची काडी टाका, तवा कलता करून ते फेसाळतं लोणी चमच्याने वरून सोडत राहा.

मग ओव्हनमध्ये. इतक्या वजनाला साधारण वीस ते पंचवीस मिनिटं लागतात, पण मिनिटांवर माझा विश्वास नाही. प्रत्येक ओव्हन वेगळा, प्रत्येक तुकडा वेगळा. टोचायचा थर्मामीटर घ्या. पंधरा मिनिटांनी पहिल्यांदा बघा, तुकड्याच्या बरोब्बर मध्यभागी. ५० अंश झाले की काढा. बाहेर आल्यावरही आतलं तापमान चार-पाच अंश चढतं आणि मध्ये गुलाबी, कडेला तपकिरी असं मांस मिळतं. मांस किती शिजवायचं ते सांगायला इथे शब्द आहेत: ‘सेन्याँ’ म्हणजे लालसर, ‘आ प्वें’ म्हणजे गुलाबी. माझ्या आईला लाल रस चालत नाही. ती इथे आली होती तेव्हा तिच्यासाठी मी टोकाचे काप ठेवले, तिथे मांस आपोआप जास्त शिजलेलं असतं. तिने ते आवडीने खाल्ले.

आता पंधरा मिनिटं तुकड्याला हात लावायचा नाही. जाळीवर ठेवा, वर फॉइल सैल टाका, गच्च गुंडाळू नका. आचेतून काढल्याबरोबर कापलं तर सगळा रस पाटावर सांडतो. थांबलात तर तो मांसातच राहतो. सासूबाईंनी मला शिकवलेलं सगळ्यात मोठं काम हेच, काही न करण्याचं.

ही पंधरा मिनिटं बेआर्नेझची. पातेल्यात दोन बोटं पाणी मंद उकळत ठेवा, वर स्टीलचं वाडगं, त्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. वाडग्यात चार अंड्यांचे बलक, आटवलेला गार रस आणि चमचाभर पाणी. फेटायला लागा. आधी फेस येतो, मग रंग फिका होतो, मग फेटणीच्या तारांमागे वाडग्याचा तळ दिसायला लागतो. तिथे उतरवा. वाडग्याला बोट सुखाने टेकवता येत नसेल तर आच जास्त आहे, बलकाच्या गुठळ्या होतील. मग कोमट लोणी, आधी थेंबथेंब, नंतर बारीक धारेने, हात न थांबवता. सॉस फुटून तेल सुटायला लागलं तर घाबरू नका. दुसऱ्या वाडग्यात चमचाभर गार पाणी घ्या आणि फुटलेला सॉस त्यात थोडा थोडा फेटत घाला. बहुतेक वेळा जमून येतो. शेवटी चिरलेला एस्त्रागाँ आणि मीठ. सॉस थोडा आधी झाला तर सासूबाई तो गरम पाण्याने तापवलेल्या थर्मासमध्ये ओततात, अर्धा तास छान राहतो.

नाव बेआर्न प्रांतावरून, पण सॉस जन्मला पॅरिसजवळ साँ-जेर्माँ-आँ-लेच्या पाव्हियाँ आंरी कात्र (‘चौथा आंरी’) या रेस्तराँमध्ये, १८३०च्या दशकात, असं सांगतात. फ्रान्सचा चौथा आंरी राजा बेआर्नचा, त्यावरून हे नाव.

फरसबी शेवटच्या दहा मिनिटांत. भरपूर खारट, खळखळत्या पाण्यात, झाकण न लावता सहा-सात मिनिटं. झाकलीत तर हिरवा रंग मळकट होतो. निथळून लोण्यात परता आणि मांसाखाली साठलेला रस तिच्यावर घाला. बेआर्नेझमध्ये नको, ती पातळ होते.

दोरे काढा, बोटभर जाडीचे आडवे काप करा. ताटल्या ओव्हनच्या उरलेल्या उबेत गरम करून घ्या, नाहीतर सॉस लगेच थिजतो. सॉस मांसावर ओतू नका, शेजारी द्या. आमच्याकडे सोबत मोर्गाँची लाल वाइन असते.

बेआर्नेझ उरली तर ठेवू नका, कच्चट बलक आहे. मांस उरलं तर दुसऱ्या दिवशी गारच, कागदासारखं पातळ कापा, दिजाँची मोहरी लावून पावात घाला. त्यासाठी मी तुकडा मुद्दाम दोनशे ग्रॅम मोठा आणते.