जुन्या लाँचला पंखा बसवताना या चुका टाळा, नायतर हेड उघडायची तयारी ठेवा

दिवाळी झाली, वासोट्याला जाणाऱ्यांची गर्दी सुरू झाली की कोयनेच्या शिवसागर जलाशयावरच्या बामणोली-तापोळ्याकडनं फोन यायला लागतात आणि वाक्य दरवर्षी तेच असतं, "मिस्त्री, बोट पळंना झालीय, जरा मोठा पंखा बघा की." पंखा म्हणजे बोटीखालचा प्रोपेलर. मी उलटं एकच विचारतो, फुल रेसला आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, किती लागतोय? पुढनं आवाजच येत नाय. काहीजण तर म्हणतात, फुल रेस आम्ही कधी देतच नाय. मग पंखा बरोबर आहे का चूक ते कळणार कसं राव?

इंजिनाच्या प्लेटवर आरपीएमचा आकडा ठोकलेला असतो. बोट भरलेली, रेस पूर्ण खाली, अशा वेळी इंजिन त्या आकड्याला पोचलं पाहिजे. पन्नास-शंभर वर गेलं तरी चालतंय, पण खाली नको. पंख्याचा सगळा हिशोब इथनं सुरू होतो.

आता सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. पंख्यावर १८ बाय १२ असे दोन आकडे असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, म्हणजे पाणी घसरलं नाय तर एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढं जाईल ते. हे कळलं की माणसाला वाटतं पिच वाढवलं की स्पीड वाढलं. दोन-तीन वर्षांमागं एकानं कोकणातनं जुनी लाँच घेतली, ट्रकवर घालून कुंभार्लीनं वर चढवली, मग साताऱ्यावरनं कासच्या रस्त्यानं बामणोलीला. प्लेटवर २४००, गिअरबॉक्स दोनास एक, म्हणजे इंजिनाचे दोन फेरे तवा पंख्याचा एक, पंखा १८ बाय १२. चौदा माणसं घालून मी स्वतः मोजलं, २३५० भरलं, मोबाईलवर तासाला १२ किलोमीटर. मी म्हटलं पन्नास कमी ते इथल्या उंचीमुळं, आता हात लावू नका. पण त्याच्या मेव्हण्याला आणखी स्पीड पाहिजे होतं, त्यानं कुठनं तरी १८ बाय १५ चा सेकंडहँड पंखा आणला आणि मला न सांगता बसवला.

झालं काय, इंजिन १९५० च्या वर जाईना. स्पीड साडेअकरा, म्हणजे उलटं कमीच. आणि गंमत अशी की मालक खुश, कारण आवाज कमी झाला, "इंजिन कसं शांत चालतंय बघा." अहो शांत नाय, ते दमलंय! फेरे सांभाळणाऱ्या गव्हर्नरला २४०० पाहिजेत आणि मिळत नायत, म्हणून तो पंपातनं डिझेल पूर्ण सोडतोय, पण फेरे कमी म्हणून हवा तेवढी आत येत नाय, मग अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर आणि एक्झॉस्ट तापून लाल. धुराबद्दल विचारलं तर म्हणे जुनं इंजिन आहे, धूर मारणारच. एप्रिलमध्ये हेड गॅस्केट गेलं, उघडलं तर दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेले. त्या खर्चात चार नवे पंखे आले असते.

मुळात त्या बोटीला आणखी स्पीड मिळणारच नव्हतं. जड पोटाची बोट पाण्यातल्या लांबीवर अडकते. हिची ती लांबी २४ फूट, त्याचं वर्गमूळ ४.९, गुणिले १.३४, साडेसहा नॉट, म्हणजे तेच १२ किलोमीटर. त्याच्यापुढं ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि मग कितीबी डिझेल ओता. मेव्हण्याला हे कागदावर मांडून दाखवलं, तो म्हणाला पण गोव्यात बोटी पळतात की. त्या पळणाऱ्या बोटींचं पोट वेगळं असतं भावा.

दुसरी एक पळवाट म्हणजे उंची. आरपीएम चारशे कमी पडला की म्हणायचं, आपण घाटावर आहे ना, हवा पातळ. कोयना धरण भरलं की आपलं पाणी समुद्रापासनं २१६३ फुटावर, आणि टर्बो नसलेलं इंजिन हजार फुटाला साधारण तीन टक्के ताकद घालवतं, म्हणजे सहा टक्के गेली हे खरंय. पण पंखा ताकद खातो ती फेऱ्यांच्या घनाच्या हिशोबानं, त्यामुळं त्या सहा टक्क्यानं आरपीएम पडतो दोनेक टक्के, २४०० मागं पन्नास. बाकीच्या साडेतीनशेचा जाब पंख्याला नायतर इंजिनाला विचारा, घाटाला नको.

बोटीतल्या आरपीएमच्या मीटरवर विश्वास ठेवणं, ही चूक मी स्वतः केलीय म्हणून सांगतो. एका बोटीत मीटर २६०० दाखवत होता, प्लेटवर २५००, मी म्हटलं पंखा हलका पडतोय, दोन इंच पिच वाढवा. वाढवलं आणि धूर सुरू. नंतर कळलं की मधल्या काळात अल्टरनेटर बदललेला, नव्याची पुली बारीक, आणि मीटर चालतो अल्टरनेटरवर. खरा आरपीएम २३०० पण नव्हता. पंखा परत बदलायचा खर्च माझ्या खिशातनं गेला. तवापासनं क्रँकच्या पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवून लेझर मीटरनंच मोजतो, आणि बोट, पंखा, आरपीएम, पाण्याची पातळी सगळं वहीत लिहितो.

रिकामी बोट पळवून "आला की आरपीएम" म्हणणारे पण आहेत. चौदा माणसं म्हणजे हजारेक किलो, माणसं नसतील तर २०० लिटरचे पाच बॅरल काठोकाठ भरून तळाला बांधा. वाऱ्याबरोबर एकदा आणि वाऱ्याविरुद्ध एकदा जा, फुल रेस मिनिटभर बास.

पंख्याला दोष द्यायच्या आधी केबल बघा. एकानं माझा अख्खा दिवस खाल्ला, शेवटी बघतो तर हँडल पूर्ण खाली आणि पंपावरचा लिव्हर स्टॉपपासनं बोटभर लांब. केबल ताणली, काम संपलं. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, बुडाला चिकटलेलं शेवाळ, हे पण आधीच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खडक वर येतात, पात्याचं टोक वाकलं असेल तर हातोडीनं सरळ करू नका, तिन्ही पाती सारखी राहत नायत आणि शाफ्ट थरथरायला लागतो.

पिच एक इंच कमी केलं की साधारण शंभर ते दोनशे आरपीएम वाढतो, गिअर रेशोप्रमाणं. व्यासाचा एक इंच म्हणजे पिचचे दोन धरा. पितळी पंखा असेल तर चांगला कारागीर एखाद-दोन इंच पिच फिरवून देतो, लगेच नवा घ्यायची घाई नको. पंखा हलका पडला तर इंजिन ओरडतं, डिझेल वाया जातं, पण जळत नाय, म्हणून मी नेहमी किंचित हलक्या बाजूला राहतो.

घेताना पंखा उजवीकडं फिरणारा का डावीकडं ते बघून घ्या, हे चुकणारे पण भेटलेत मला. पात्याचं टोक आणि बोटीचं बूड यात व्यासाच्या दहा-पंधरा टक्के जागा ठेवा, १८ इंचीला दोनेक इंच. आणि नट आवळल्यावर स्प्लिट पिन नवीन घाला. जुनी सरळ करून घातलेली पिन तुटून एक पंखा शिवसागराच्या तळाला गेलाय, कुठं ते मला माहितेय, पण तिथं साठ फूट पाणी आहे.